पाडवा इथला, ईद तिथली

३० मार्च २०२५. वार रविवार. त्या दिवशी रावेरला गुढीपाडवा होता आणि दुबई-रियाधला ईद. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आपल्याकडची ईद आणि आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. मंगळवारी, १ एप्रिलला, वार्षिक हिशेबासाठी बँका ग्राहकांना बंद. तिकडे इराणात २१ मार्चला सुरू झालेला नौरोज २ एप्रिलला संपायचा होता, कारण नव्या वर्षाचा तेरावा दिवस घराबाहेर रानात काढायचा ही तिथली रीत. म्हणजे पैसे पाठवणारा, पैसे घेणारा, माल उतरवणारा आणि कागदावर शिक्का मारणारा असे सगळे एकाच आठवड्यात सुट्टीवर. रावेरच्या शिवारात मात्र पारा चाळिशीकडे निघाला होता आणि घड दिवसागणिक भरत होते.

दोन देशांत धंदा करणाऱ्याची सुट्टी ही गोष्ट आपण पुण्या-मुंबईच्या संगणकवाल्यांची समजतो. अमेरिकेत सकाळ झाली की इथे रात्रपाळी, नाताळात काम मंद, दिवाळीत लॅपटॉप उघडा, हे चित्र आता सगळ्यांच्या ओळखीचं. पण तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात, ऐनपूर, निंभोरा, तांदलवाडी, खिर्डी, विवरे अशा गावांत हाच प्रश्न मातीत उभा आहे, आणि तिथे तो जास्त बिकट आहे. संगणकातलं काम दोन दिवस पुढे ढकलता येतं. भरलेला घड दोन दिवस थांबवला तर माल निर्यातीतून बाद होऊन स्थानिक ट्रकमध्ये जातो.

रावेर केळीचं गाव आहे, हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. जळगाव जिल्ह्यातल्या केळीखालच्या जमिनीचा सर्वांत मोठा वाटा याच तालुक्याचा. इथली केळी पिढ्यानपिढ्या दिल्लीकडे तोंड करून उभी आहे. रावेर, निंभोरा, सावदा ही स्टेशनं केळीच्या वॅगनांमुळे रेल्वेच्या नकाशावर ठळक झाली. बऱ्हाणपूरचा लिलाव अर्ध्या-पाऊण तासावर. मध्य प्रदेशातला असूनही त्याचा आकडा रावेरात सकाळच्या चहाआधी माहीत असतो. त्या जुन्या धंद्यालाही सणांचं गणित होतंच. नवरात्रातले उपास, श्रावण, दिवाळीनंतरची छठपूजा अशा उत्तरेच्या तिथ्यांवर इथला भाव चढायचा-उतरायचा. पण ते सण आपल्याच पंचांगातले होते. दिवाळीत लिलाव बंद राहणार, ट्रकवाले गावी जाणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असे आणि बागवान त्या हिशेबाने कापणी मागेपुढे करी.

निर्यात आली आणि भिंतीवर दुसरं कॅलेंडर लागलं. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. नोंदणी तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे झाली. जून २०२१ मध्ये याच तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली, तेव्हा दिल्लीच्या सरकारी पत्रकात गावाचं नाव छापून आलं. त्याआधीही माल जात होता, पण त्यानंतर तालुक्यात निर्यात हा शब्द रोजचा झाला. जैन इरिगेशनच्या ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपांनी आणि ठिबकने आधीच जमीन तयार केली होती. जगात सर्वांत जास्त केळी भारतात पिकते, तरी २०२२-२३ साली देशाबाहेर गेली ती जेमतेम ३.६१ लाख टन, किंमत १७.६ कोटी डॉलर. गिऱ्हाईक मुख्यतः आखात, इराक, इराण. आणखी एक खरं सांगून टाकतो, रावेरकरांना आवडणार नाही: महाराष्ट्रातून जाणाऱ्या मालात आज पुढे आहे तो सोलापूर जिल्हा, करमाळा-टेंभुर्णीचा पट्टा. रावेर मागून येतंय, आणि मागून येण्यात या परक्या कॅलेंडरचा हात आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

आधी कापणी. निर्यातीचा घड डोळ्यांनी नव्हे, कॅलिपरने निवडतात. मधल्या फणीच्या बाहेरच्या केळाची जाडी मोजायची, ठरलेल्या मापात असेल तरच घड कापायचा. एक जण खांद्यावर फोमची गादी घेऊन घडाखाली उभा राहतो, दुसरा दांडा तोडतो. घड जमिनीला लागता कामा नये, एकमेकांवर घासता कामा नये. कारण आजचा ओरखडा सावलीत दिसत नाही आणि दहा दिवसांनी दुबईच्या दिव्याखाली काळा होऊन दिसतो. पॅकहाऊसमध्ये दांड्यावरून फण्या सुट्या करतात आणि तुरटीच्या पाण्यात सोडतात, म्हणजे चीक निघून जातो. दुसऱ्या टाकीत धुणं, मग वजन, मग पातळ प्लास्टिकच्या पिशवीत फण्या पालथ्या-उताण्या बसवून तेरा किलोचं खोकं. या कामात बायकांचा हात जितका चालतो तितका कोणाचा चालत नाही. दिवसभर हात पाण्यात, बोटांवर चिकाचे काळे डाग, आणि ते डाग साबणाने जात नाहीत. खोकी थंड खोलीत तेरा-चौदा अंशांवर आणायची, मग चाळीस फुटी रीफर कंटेनर. एका कंटेनरात साधारण वीस टन. एकदा दार बंद झालं की पुढे न्हावा-शेव्यापर्यंत साडेचारशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता, आणि बंदरावर जहाजाची गेट बंद होण्याची वेळ.

ती वेळ पाळण्यामागे नुसती शिस्त नाही. केळं पिकायला लागलं की त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि तो शेजारच्या केळ्यालाही पिकवतो. कंटेनरातलं एक खोकं वाटेत पिकलं तर बाकीची दीड हजार खोकी त्याच्या मागे जातात. म्हणून जास्त भरलेला घड नको, आणि म्हणूनच सुट्टी नको. सण आला म्हणून चार दिवस कापणी थांबवली तर मार्चच्या उन्हात मापातला घड मापाबाहेर जातो. बाग ठिबकवर आहे, पाणी चालू आहे, ऊन चालू आहे. माणसाने पाडवा पाळला तरी झाड पाळत नाही. तिकडच्या बाजारात फिलिपिन्स आणि इक्वेडोरची केळी ठरलेल्या जहाजाने येतच असते. आपलं खोकं एका आठवड्याला दिसलं नाही तर दुकानदार वाट बघत बसत नाही.

आता वारांचं बघा. सौदी अरेबियाने २०१३ साली आपली साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आणली. ओमाननेही त्याच वर्षी. इराकमध्येही शुक्रवार-शनिवार. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार धरला आणि शुक्रवारी अर्धा दिवस ठेवला. दुबईतल्या मराठी कुटुंबांना त्यामुळे प्रथमच रविवारचा रविवार मिळाला. इराणात शुक्रवार बंद आणि गुरुवारी बरीच कार्यालयं अर्धी. आपल्याकडे रविवार बंद, शिवाय दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद. ज्याचा माल बसरा, जेद्दा आणि बंदर अब्बास या तिन्हीकडे जातो त्याला सगळे दरवाजे एकाच वेळी उघडे सापडतात ते सोमवार, मंगळवार आणि बुधवारी. त्या तीन दिवसांत बँक, कीडमुक्तीचं प्रमाणपत्र, कस्टम, जहाज कंपनीचं बुकिंग हे सगळं बसवायचं. उरलेले चार दिवस कुठे ना कुठे कोणी तरी सुट्टीवर असतो, आणि तरीही फोन वाजत असतो.

फोन रमजानमध्ये रात्री वाजतो. आखातातला व्यापारी दिवसभर रोजा धरतो, काम मंद ठेवतो, आणि इफ्तारनंतर, तरावीहची नमाज आटोपून बाजाराकडे वळतो. त्याचे रात्रीचे दहा म्हणजे दुबईच्या घड्याळाने आपले साडेअकरा, रियाधच्या घड्याळाने आपले साडेबारा. तेव्हा तो मालाचे फोटो मागणार, भाव घासणार, पुढच्या आठवड्याचे कंटेनर सांगणार. इकडे रावेरात कापणीची टोळी पहाटे पाचला बागेत पोचायची असते, उन्हाआधी घड उतरवायचे म्हणून. धंदा महिनाभर असाच चालतो. घरात पाडव्याची गुढी असो की होळीची पुरणपोळी, फोन ताटाशेजारीच पालथा पडलेला असतो.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, धंदा म्हटला की हे आलंच, पैसाही मिळतो. मान्य. निर्यातदाराबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, तो हे गणित ओळखून त्यात उतरला आहे. मला बोलायचं आहे ते टोळीबद्दल आणि बागवानाबद्दल. कारण या दोघांच्या सुट्ट्या परक्या देशाच्या सुट्ट्यांनी खाल्ल्या, आणि त्यांना कोणी विचारलं नाही.

टोळीत कोण असतं? सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा, बारेला, तडवी, शिवाय गावातले भूमिहीन. पावरा-बारेला मजुरासाठी वर्षाचा सण म्हणजे होळी, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणारा भोंगऱ्या बाजार. रावेर तालुक्यात पालला तो भरतो, यावल-चोपड्याच्या डोंगरातही भरतो. ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने, नवे कपडे. गूळ-डाळ्यांच्या दुकानांपुढे माणूस मावत नाही. त्या आठवड्यात टोळी डोंगरात जाते. ती जाणारच. मजुरीचे दोन पैसे जास्त देतो म्हणून भोंगऱ्या सोडायचा, हे त्या समाजात अजून पुरतं रुजलेलं नाही, आणि रुजू नये.

आता पंचांगाचा खेळ पाहा. आपले सण चंद्रावर आणि मुसलमानांचे सणही चंद्रावर. फरक एवढाच की आपण साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून चंद्राला सूर्याच्या वाटेवर परत आणतो, हिजरी कालगणनेत तसा महिना घालत नाहीत. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. पण दोन अधिक महिन्यांच्या मधल्या वर्षांत आपले सणही तेवढेच अलीकडे येत असतात. म्हणून ती दोन-तीन वर्षं दोन्ही कॅलेंडरं जोडीने चालतात. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ तीन वर्षं भारतातली रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आली: १४ मे, ३ मे, २२ एप्रिल. २०२३ला अधिक श्रावण पडला आणि जोडी फुटली. पुढची जोडी पाडव्याशी जमली. २०२४ला ९ एप्रिलचा पाडवा आणि १० एप्रिलची आखातातली ईद, २०२५ला दोन्ही एकाच दिवशी. २०२६ला १९ मार्चचा पाडवा, त्याच्या पाठोपाठ चंद्र दिसेल तशी २०-२१ मार्चच्या सुमारास ईद, आणि त्याच दोन दिवसांत विषुवदिनाचा नौरोज.

याचा अर्थ शेतात काय होतो? ईद पाडव्याला, म्हणजे त्याआधीचा अख्खा फाल्गुन रमजान. फाल्गुनाची पौर्णिमा म्हणजे होळी. म्हणजे २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी भोंगऱ्या रमजानच्या ऐन मध्यावर आला, आणि २०२६लाही तसाच येणार. २०२५ची होळी १३ मार्चला होती. इफ्तारच्या ताटात केळं हवं म्हणून तिकडून मागणी जोरात, नौरोजच्या फळांची इराणची खरेदी तोंडावर, आणि कापणारे हात डोंगरात ढोल वाजवतायत. खरेदीदाराला भोंगऱ्या माहीत नाही, पावऱ्याला नौरोज माहीत नाही. मधल्या माणसाने दोन्ही आधी वाचून ठेवायला हवे होते. जो वाचतो तो आधीच्या आठवड्यात जास्त माल भरून घेतो. जो वाचत नाही तो आयत्या वेळी दुसरीकडून टोळी आणतो आणि घाईच्या हातांनी घड घासून घेतो.

आखाजीचं दुखणं याहून जुनं आहे. अक्षय्य तृतीया उरलेल्या महाराष्ट्रात सोनं खरेदीचा दिवस असेल, खानदेशात ती आखाजी, दिवाळीच्या तोडीची. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराई बसते, पितरांना घागर भरतात, आणि पुरुष पत्ते कुटत बसतात (याला सणाचा भाग मानायचं की सणाचं निमित्त, यावर घरोघर वाद आहेत). शेतीच्या व्यवहारातही हाच दिवस वर्षाची सीमा. सालदाराचं साल आखाजीला संपतं, नवा करार आखाजीला होतो. बोलणी फिसकटली तर तो त्या दिवशी दुसऱ्याच्या दारात. म्हणजे आखाजीच्या आठवड्यात शेतात हक्काचा माणूस नसतो, आणि तो नसावा हीच परंपरा. नेमक्या याच वेळी रावेरच्या बागा निर्यातीच्या भराला येतात. आखाजीनंतर जूनपर्यंत मोठी कापणी, आणि वादळाची धास्ती डोक्यावर. मे-जूनच्या वावटळीने उभी बाग अर्ध्या तासात आडवी झाल्याची वर्षं तालुक्याने एकाहून अधिक पाहिली आहेत. म्हणून मापात आलेला घड एक रात्रही झाडावर ठेवायला बागवान राजी नसतो. आखाजीचा झोका आणि वादळाचा अंदाज यांत झोका हरतो.

तडवी मजुराची गंमत आणखी वेगळी. तडवी भिल्ल मुसलमान आहेत, सातपुड्यातल्या जुन्या चालीरीतीही त्यांनी सोडलेल्या नाहीत. ज्या ईदसाठी दुबईला कंटेनर धाडायचा ती ईद या माणसाच्या घरीही असते. तिकडची ईद गोड व्हावी म्हणून इथल्या तडव्याने रोज्यात, ४० अंशांत, घड खांद्यावर वाहायचे. यात कोणाचं क्रौर्य आहे असं मी म्हणत नाही. पण हे कोणाच्या लक्षातही येत नाही, ही गोष्ट मला क्रौर्याहून जास्त खटकते.

श्रावणातल्या कानबाईला मात्र गाव अजून हटत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंदकी एकत्र येते, रोट होतात, आणि मुंबई-सुरतेला गेलेला माणूसही त्या दिवशी गावात दिसतो. तोवर निर्यातीचा मुख्य हंगाम ओसरू लागलेला असतो, म्हणून हा सण वाचला, असं माझं मत आहे. हंगाम वर्षभराचा झाला तर कानबाईचं काय होईल सांगता येत नाही.

आता मघाशी म्हणालो तो मुद्दा: रावेर मागे का? दुबईत रमजानच्या पहिल्या दिवशी केळं विकायचं असेल तर मागे मोजत या. तिथे पिकवण्याच्या खोलीत चार-पाच दिवस, जहाजात तितकेच, बंदरात आणि रस्त्यात तीन-चार, पॅकहाऊसमध्ये एक-दोन. म्हणजे घड रमजानच्या दोन-अडीच आठवडे आधी कापला पाहिजे. तो त्या वेळी तयार हवा असेल तर रोप सुमारे वर्षभर आधी जमिनीत गेलं पाहिजे. थोडक्यात, दुबईच्या एका महिन्यासाठी रावेरचा निर्णय एक वर्ष आधीचा. २०२१ ते २०२३ मध्ये रमजान मार्च अखेर ते मे या पट्ट्यात होता. रावेरच्या हंगामाची सुरुवात आणि त्याची मागणी यांचा सांधा तेव्हा बरा जुळत होता. आता तो सरकत चाललाय. २०२६ला रमजान १८-१९ फेब्रुवारीला सुरू होईल, २०२७ला ८ फेब्रुवारीच्या सुमारास, २०२८ला जानेवारीच्या शेवटी. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, असे दोनदा रमजान लागतील.

म्हणजे कापणी डिसेंबर-जानेवारीत. आणि रावेरचा जानेवारी! मेमध्ये ४५ अंशांत भाजणारा हाच तालुका जानेवारीच्या पहाटे दहा अंशांखाली जातो. थंडीत केळीची वाढ बसते, घड भरत नाही, निसवणीला आलेलं झाड अडकतं, आणि सालीखालचा चीक गोठून केळं मातकट दिसायला लागतं. खायला चांगलं, पण आखाताच्या दुकानात बाद. सोलापूरकडे थंडी बेताची असल्याने त्यांचा माल बाराही महिने काही ना काही निघतो. रावेरची मृगबाग जून-जुलैत लागते ती पुढच्या उन्हाळ्यासाठी. कांदेबागेची वेळ वेगळी, तिचा माल वेगळ्या महिन्यांत. रमजानसाठी जानेवारीत घड हवा म्हणून फेब्रुवारीत रोप लावायचं, तर कोवळं रोप एप्रिल-मेच्या उन्हात उभं राहणार, मध्ये २०२० पासून वारंवार डोकं वर काढणारा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, आणि शेवटी थंडीत भरणी. हा जुगार आखाजीच्या पत्त्यांपेक्षा मोठा आहे.

भोंगऱ्याचं गणित मात्र सुटेल. २०२६च्या मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यानंतरची तीन वर्षं ईद पाडव्याऐवजी महाशिवरात्रीच्या पाठोपाठ येईल. म्हणजे रमजान माघात, आणि होळी ईदनंतर. डोंगरातला ढोल आणि दुबईची इफ्तार यांची टक्कर २०२९पर्यंत तरी नाही. मजुराची अडचण गेली, थंडीची आली.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सुट्ट्यांपेक्षा राजकारण जास्त. इराणशी व्यवहार २०१२ पासून युको बँकेतल्या रुपया खात्यातून चालत. भारताने त्यांच्याकडून तेल घेतलं की त्या खात्यात रुपये जमायचे आणि त्यातून आपल्या निर्यातदाराला मिळायचे. मे २०१९ मध्ये तेल थांबलं आणि खातं आटत गेलं. त्यावर जून २०२५च्या बारा दिवसांच्या इराण-इस्रायल युद्धाने वाट आणखी अडवली. अशा देशाशी धंदा करताना नौरोजचे तेरा दिवस म्हणजे नुसती सुट्टी राहत नाही, तेरा दिवस अडकलेली रक्कम होते. आणि ती अडकली की साखळीत शेवटी पैसे मिळणारा कोण, हे बागवानाला विचारावं लागत नाही.

बागवानाला यातलं काहीच आधी कळत नाही. त्याला कळतो तो भाव. बाजार समितीच्या फलकावरचा भाव आणि हातात पडणारा भाव यांतली तफावत ही तालुक्यातली जुनी तक्रार. निर्यातीने तिच्यात भर घातली. एका सकाळी व्यापारी म्हणतो, निर्यात बंद आहे, माल लोकलला घालावा लागेल. बंद का? तिकडे ईद आहे. किती दिवस? बघू. ती ईद येणार हे वर्षभर आधी ठाऊक होतं, चंद्राने एखादा दिवस इकडेतिकडे केला असता इतकंच. तरी ती बागवानाला अचानक पडलेल्या पावसासारखी सांगितली जाते, आणि घाबरलेला बागवान पडेल त्या भावाला बाग देऊन मोकळा होतो. माहिती एकाकडे आणि माल दुसऱ्याकडे, हा आपल्या शेतमालाच्या बाजाराचा जुना रोग आहे. सुट्ट्यांच्या बाबतीत तो विनाकारण आहे, कारण ही माहिती गुप्त नाहीच. १९७३ पासून घरोघर लटकणाऱ्या कालनिर्णयमध्ये मुसलमानी सण छापलेले असतात, आणि जमशेदी नवरोजही असतो. रावेरच्या किती तरी ओट्यांवर तो कागद आहे. त्या तिथ्या उपास-तापासासाठी वाचतात तशा धंद्यासाठी वाचायच्या, एवढंच.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. बाजार समितीने, तालुका कृषी कार्यालयाने किंवा निदान शेतकऱ्यांच्या गटांनी दरवर्षी लागवडीच्या आधी एक पान छापावं. त्यावर पुढच्या वर्षाचा रमजान, दोन्ही ईद, नौरोज, मोहरम आणि कर्बलाची चेहलुम यात्रा, कारण इराकात त्या काळात लाखो लोक पायी चालतात आणि वाटेवर फळं वाटली जातात. शेजारच्या रकान्यात भोंगऱ्या, पाडवा, आखाजी, कानबाई, पोळा. आणि तिसऱ्या रकान्यात कोणत्या आठवड्यात निर्यातीची खरेदी थंडावण्याची शक्यता आहे ते. हे पान व्यापाऱ्याच्या डोक्यात आजही आहे. ते फलकाशेजारी लागलं पाहिजे.

टोळीसाठी दुसरी मागणी. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आपल्या कक्षेतल्या आस्थापनांत वर्षाला आठ सण-सुट्ट्या भरपगारी ठरवल्या आहेत. बागेतली टोळी मात्र मुकादमाची, मजुरी टनावर नाही तर खोक्यावर. ती कोणाच्याच हजेरीपटावर नाही, म्हणून तिला सुट्टी म्हणजे खाडा. हिशेब करून बघू. समजा टोळीत तीस माणसं, दिवसाची मजुरी सहाशे. भोंगऱ्या, आखाजी आणि पोळा असे तीन दिवस भरपगारी दिले तर खर्च चौपन्न हजार. ती टोळी वर्षात साठ कंटेनर भरते असं धरलं तर एका कंटेनरवर नऊशे रुपये, म्हणजे खोक्यामागे साठ पैशांच्या आसपास. किलोला वीस रुपये भाव धरला तर एका कंटेनरात चार लाखांचा माल असतो. त्यात नऊशे रुपये कोणाला जड नाहीत. ईदचे तीन दिवस जो खरेदीदार आपल्या माणसांना भरपगारी देतो, त्याच्याकडून खोक्यामागे साठ पैसे मागायला रावेरच्या निर्यातदाराने लाजू नये.

२०२६ची अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला आहे, रविवारी. सालदाराशी बोलणी कराल तेव्हा टोळीच्या मुकादमालाही बोलावून घ्या, आणि तीन दिवसांचं त्याच बैठकीत ठरवून टाका.